शेवटच्या खांबापर्यंत
(प्रस्तावना)

महावितरणचे घरगुती वीजबिल हाती घेतले की त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी दिसतात. यातली वहन आकाराची ओळ सहसा कोणी वाचत नाही. वीज तुमच्या दारापर्यंत वाहून आणण्याचा खर्च त्या ओळीत असतो. हडपसरच्या सोसायटीतल्या ग्राहकाला प्रति युनिट जो वहन आकार लागतो, तोच वेल्हे तालुक्यात मढे घाटाच्या माथ्यावरच्या केळदच्या ग्राहकाला लागतो. हडपसरला एका रोहित्रावर शेकडो घरे असतात आणि उपकेंद्र हाकेच्या अंतरावर. केळदकडे जाणारी तार मैलोन्‌मैल डोंगर, ओढे आणि रान ओलांडत जाते आणि टोकाला मोजकी घरे असतात. तिथवर एक युनिट पोचवण्याचा खरा खर्च शहरापेक्षा कितीतरी जास्त आहे. तरीही दर एकच.

सरकारी वीज कंपनी नावाच्या संस्थेचे सार मला या एका ओळीत दिसते. कोण कुठे राहतो यावरून विजेची किंमत ठरणार नाही, असे वचन समाजाने स्वतःला दिले आणि ते पाळण्यासाठी एक संस्था उभारली. हातातले पुस्तक त्याच वचनाचा पाठपुरावा करते. दर एक झाला, मग सेवा एक झाली का? हा प्रश्न मुंबईच्या मुख्यालयात बसून विचारता येतो, पण त्याचे खरे उत्तर तारेच्या दुसऱ्या टोकाला मिळते. म्हणून या संग्रहाने भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेचे दोन तालुके निवडले.

हे तालुके का, ते नकाशा पाहिला की कळते. पुणे-सातारा महामार्गालगतचा कापूरहोळ, नसरापूर, किकवीचा पट्टा सपाट आहे. कारखाने, हॉटेले, बागायत, सगळे इथे. तिथून पश्चिमेला वळले की हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, कानद खोरे, मोसे खोरे अशी एकामागून एक खोरी सुरू होतात. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही नावे महाराष्ट्राला इतिहासातून ठाऊक आहेत. वीजवाहिनीच्या दृष्टीने ते चढ आहेत, दऱ्या आहेत आणि जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे. २०११च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या ५५ हजारांच्याही आत होती. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या उपनगरात याहून जास्त माणसे राहतात. ही माणसे मात्र मुख्य गाव, त्याच्या वाड्या आणि त्यापलीकडची धनगरवस्ती अशी डोंगरभर विखुरलेली आहेत.

या तालुक्यांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पाणी. वेळवंडीवरचे भाटघर, नीरेवरचे देवघर, आंबीवरचे पानशेत, मोसेवरचे वरसगाव आणि कानदीवरचे गुंजवणी ही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. भाटघर हे ब्रिटिश काळातले लॉईड धरण. १९२०च्या दशकात नीरा कालव्यांच्या शेतीसाठी ते उभे राहिले आणि १९७०च्या दशकात त्याच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजगृह आले. पानशेत आणि वरसगावलाही पुढे प्रत्येकी ८ मेगावॅटची वीजगृहे झाली. ही वीजगृहे सिंचनाच्या आवर्तनावर चालतात. कालव्याला किंवा शहराला पाणी सोडायचे असते तेव्हा ते टर्बाइनमधून सोडायचे आणि मिळेल ती वीज ग्रीडमध्ये घालायची, असा क्रम. खोऱ्यातली सुपीक जमीन पाण्याखाली गेली. काही कुटुंबे पूर्वेकडच्या तालुक्यांत गेली, काही वर डोंगरावर सरकली. जी वर सरकली त्यांच्यापर्यंत तार नेणे आणखी अवघड झाले. पाणी आणि वीज देणाऱ्या खोऱ्याला स्वतःची वीज कधी आणि कशी मिळाली, हा प्रश्न म्हणूनच इथे धारदार होतो.

या प्रश्नाचे मूळ शंभर वर्षांमागे जाते. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. सह्याद्रीचे पाणी कोकणात पाडून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना, पुढे रेल्वेला द्यायची, हा तो व्यवहार होता. वेल्ह्याला लागूनच मुळशी. तिथल्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्यांच्या इतिहासात त्याचे स्थान फार वरचे आहे. त्या काळी वीज खासगी परवानेदाराची असे आणि १९१०चा कायदा त्याला ठरावीक क्षेत्राचा परवाना देई. जिथे गिऱ्हाईक दाट, तिथे तार. गावाला वीज देण्याचे बंधन कोणावर नव्हते. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले.

त्याच १९४८ साली विद्युत पुरवठा कायदा आला आणि राज्या-राज्यांत वीज मंडळे स्थापण्याचा मार्ग खुला झाला. या कायद्यामागच्या विचारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा मोठा आहे, आणि मराठी वाचकालाही तो पुरेसा ठाऊक नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. हिंदुस्थानला औद्योगिक व्हायचे असेल तर वीज मुबलक आणि स्वस्त हवी, आणि ती नफ्याच्या मागे लागलेल्या कंपन्यांवर सोडून भागणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. दामोदर खोऱ्याची योजना त्याच विचारातून पुढे आली. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले होते आणि १९३५नंतर तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था सरकारी कर्जावर तारा ओढत होत्या. सोव्हिएत रशियाने १९२०मध्येच विद्युतीकरणाची राष्ट्रीय योजना आखली होती. वेगवेगळ्या राजवटींना एकाच सुमारास एकच गोष्ट उमगली होती: खेड्यापर्यंतची तार बाजाराच्या हिशेबात बसत नाही.

मुंबई राज्याचे वीज मंडळ १९५४ मध्ये आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ जून १९६० मध्ये अस्तित्वात आले. पुढची पंचवीस वर्षे उभारणीची होती. कोयना प्रकल्प सुरू झाला, कोराडी, परळी, भुसावळ, नाशिक, चंद्रपूर इथे औष्णिक केंद्रे आली. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि गावाकडच्या तारांसाठी कर्ज मिळू लागले. पण त्या काळात महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत समजले जाई. नदीकाठी एक पंप लागला तरी गावावर खूण व्हायची आणि वरच्या वाड्या अंधारात राहायच्या. पुढे वस्तीत वीज हवी अशी अट आली. २००४ पासून किमान १० टक्के घरे, सार्वजनिक जागा आणि गावात रोहित्र असे निकष लागले. राजीव गांधी योजना, दीनदयाळ उपाध्याय योजना आणि २०१७ची सौभाग्य योजना वाडी-वस्तीकडे वळल्या त्या यानंतर. भोर-वेल्ह्यासारख्या विखुरलेल्या तालुक्यात ‘गावाला वीज आली’ आणि ‘आमच्या घरी वीज आली’ या दोन तारखांमध्ये कधी कधी पिढीचे अंतर पडले, त्याचे कारण या व्याख्येत आहे.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कृषिपंपांचे मीटर बाजूला पडले आणि अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. पंप किती चालला हे कळेनासे झाले. न मोजलेल्या विजेच्या खात्यात गळती, चोरी आणि खरा शेतीवापर सगळेच मिसळले आणि मंडळाच्या ताळेबंदावरचा विश्वास गेला. पश्चिम भोर आणि वेल्हे हा पावसावरच्या भाताचा, आंबेमोहोर-इंद्रायणीचा मुलूख. इथे पंप कमी. पंपांच्या राजकारणाचा लाभ या खोऱ्यांना फारसा झाला नाही, पण त्यातून आलेला मंडळाचा तोटा मात्र त्यांच्या वाट्याला देखभालीच्या काटकसरीच्या रूपाने आला. जुना खांब बदलायचा राहिला, तारेचा झोळ काढायचा राहिला, वायरमनची जागा भरायची राहिली.

१९९३ मध्ये अमेरिकी एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी झालेल्या करारामुळे मंडळ आणखी अडचणीत आले. १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली, तिचा दर परवडेना, आणि २००१ मध्ये खरेदी थांबली. या प्रकरणाने राज्याचे नुकसान केले, त्याचबरोबर वीज हा सामान्य नागरिकाने समजून घ्यायचा विषय आहे हेही शिकवले. पुण्याच्या प्रयास संस्थेने त्या कराराचे आकडे लोकांसमोर मांडले. माधव गोडबोले समितीने त्याची चिकित्सा केली. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि दर ठरवण्याआधी जाहीर सुनावणी होऊ लागली. २००३च्या विद्युत कायद्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाले: निर्मिती महानिर्मितीकडे, पारेषण महापारेषणकडे, वितरण महावितरणकडे, आणि या तिन्हींची मालकी सूत्रधारी कंपनीकडे. भागभांडवल सरकारचेच राहिले.

नेमक्या त्याच वर्षांत भारनियमन शिगेला पोचले. ग्रामीण भागात दिवसाला दहा-बारा तास वीज जायची. २००६ मध्ये पुणे शहरासाठी वेगळी व्यवस्था झाली: उद्योगांनी गरजेच्या वेळी स्वतःची जनित्रे चालवायची, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी सोसायचा आणि शहर भारनियमनमुक्त ठेवायचे. त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत अंधाराचे तास चालू राहिले. पुढे प्रत्येक फीडरवरची, म्हणजे वाहिनीवरची, गळती आणि वसुली पाहून भारनियमनाचे गट पाडण्यात आले. त्यामागे आर्थिक तर्क होता, हे मान्य करावे लागेल. पण नियमित बिल भरणारे घर थकबाकीच्या फीडरवर आहे म्हणून अंधारात बसू लागले. एक दर, एक सेवा या वचनातला दुसरा अर्धा भाग उघडपणे बाजूला ठेवला गेला तो या काळात.

या साऱ्यावर विचार करणाऱ्यांचे ढोबळ चार प्रवाह मानता येतात. पहिला आंबेडकरांपासून चालत आलेला: वीज ही विकासाची पूर्वअट आहे, म्हणून ती सार्वजनिक मालकीची हवी. कर्मचारी संघटना आजही याच भूमिकेवर उभ्या आहेत. दुसरा सुधारणावाद्यांचा: सरकारी मालकीत जबाबदारी कोणाचीच राहत नाही, म्हणून स्पर्धा आणि खासगी व्यवस्थापन आणावे. १९९०च्या दशकात ब्रिटनपासून जागतिक बँकेपर्यंत हा विचार प्रबळ होता. भारतात ओडिशाने १९९६ मध्ये पहिले पाऊल टाकले, २००२ मध्ये दिल्लीचे वितरण खासगी झाले आणि महाराष्ट्रात २००७ पासून भिवंडीला खासगी वितरण फ्रँचायझी आली. तिसरा सहकाराचा: वितरण गावकऱ्यांच्या संस्थेने करावे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके हा प्रयोग चालवला; थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये ते क्षेत्र महावितरणकडे आले. चौथा प्रवाह लोकनियंत्रणाचा: मालकी कोणाचीही असो, आकडे उघडे हवेत, सुनावणी हवी, ग्राहकाला दाद मागता यायला हवी. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि विद्युत लोकपाल या यंत्रणा याच विचाराच्या.

संपादकांचा कल पहिल्या आणि चौथ्या प्रवाहाच्या संगमाकडे आहे, आणि मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. केळदची तार खासगी कंपनीच्या नफ्याच्या गणितात बसत नाही, मुळा-प्रवराच्या वाटेनेही ती टिकली असती असे वाटत नाही. सार्वजनिक मालकी तिथे अनिवार्य आहे. पण जिथे कोणी विचारत नाही तिथे सार्वजनिक मालकीही आळसावते, हेही तितकेच खरे.

विचारायचे काय, ते कळण्यासाठी तार समजून घ्यावी लागते. जुलैतल्या एखाद्या रात्री वरंधा घाटाच्या बाजूच्या वाहिनीवर फांदी पडली किंवा पिन इन्सुलेटरला तडा गेला की उपकेंद्रात ब्रेकर ट्रिप होतो आणि त्या वाहिनीवरची सगळी गावे एकदम अंधारात जातात. चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हाळाभर तापलेले असतात. त्यांवर पाऊस पडला की बारीक चिरा जातात आणि त्या ओल्या चिरेतून वीज खांबात उतरते. ऑपरेटर एकदा ब्रेकर चढवून पाहतो. पुन्हा पडला की वायरमन निघतो. मधल्या खांबावरचा, पुढची तार तोडणारा एबी स्विच उघडून तो अलीकडचा भाग चालू करायला सांगतो. ब्रेकर टिकला तर दोष पलीकडे. मग पुढचा स्विच. असे करत करत दोन स्विचांमधला तुकडा उरतो आणि तो बॅटरीच्या उजेडात, चिखलातून, खांबामागून खांब पाहत चालायचा. चिरलेला इन्सुलेटर खालून सहज दिसत नाही. तो सापडला की उपकेंद्राकडून परमिट घ्यायचे, लाईन अर्थ करायची आणि मगच वर चढायचे. शहरात एक वाहिनी बंद पडली तर दुसरीकडून पुरवठा फिरवता येतो. या खोऱ्यांत बहुधा एकच वाहिनी एकाच दिशेने जाते, दुसरी बाजू नाही. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात पश्चिम पट्ट्यात खांब आडवे झाले, तेव्हा ही उणीव सर्वांना दिसली. बाकी वर्षभर ती फक्त तिथे राहणाऱ्यांना आणि हा तुकडा चालणाऱ्या माणसाला दिसते. तो माणूस अनेकदा कंत्राटी असतो. त्याच्या सुरक्षेचा, वेतनाचा आणि कायम होण्याचा प्रश्न सेवेच्या दर्जापासून वेगळा काढता येत नाही.

हे सारे आताच मांडायला हवे, कारण एक दर ज्या आधारावर उभा आहे तो आधारच हलतो आहे. उद्योग आणि व्यापारी ग्राहक जास्त दर भरतात, त्यातून शेती आणि लहान घरगुती ग्राहकांचा भार उचलला जातो. मुक्त प्रवेशाने, म्हणजे दुसऱ्या पुरवठादाराकडून थेट वीज घेऊन, आणि छतावरच्या सौर पॅनेलने हेच मोठे ग्राहक स्वतःची सोय करू लागले आहेत. त्यांना दोष देता येणार नाही, पण ते गेले की तारेचा खर्च उरलेल्यांवर पडतो. दुसरीकडे एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे आणि तिचा भार राज्याच्या तिजोरीवर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सौर ऊर्जेवर नेण्याचे काम चालू आहे. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची जुनी, रास्त मागणी आहे. स्मार्ट मीटर येत आहेत. त्याच क्षेत्रात दुसऱ्या कंपनीला वितरणाची मुभा देणाऱ्या समांतर परवान्याविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले होते. तो प्रश्न मिटलेला नाही. दाट वस्तीचे ग्राहक दुसऱ्याने घ्यायचे आणि विरळ डोंगर सरकारी कंपनीकडे राहायचा, अशी विभागणी झाली तर केळदचा वहन आकार कोण भरणार? दक्षिण आफ्रिकेच्या एस्कॉम या सरकारी कंपनीत गुंतवणूक आणि देखभाल मागे पडली, तिथे वर्षानुवर्षे भारनियमन सोसावे लागले. मालकी सरकारची राहूनही संस्था आतून पोकळ होऊ शकते, हा इशारा आपल्यालाही लागू आहे.

या तालुक्यांचे रूपही बदलते आहे. धरणांच्या काठाने बंगले आणि रिसॉर्ट उभे राहिले आहेत, त्यांचा भार शनिवार-रविवारी त्याच जुन्या तारांवर येतो. आश्रमशाळेतला संगणक, आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज, गिरणी, मोबाईलचा टॉवर, सगळे त्याच फीडरवर आहे. पूर्वी वीज गेली की दिवा जायचा. आता वीज गेली की पाणीयोजना थांबते आणि बाहेरच्या जगाशी संपर्कही तुटतो.

हे पुस्तक महावितरणचा अधिकृत इतिहास नाही आणि आरोपपत्रही नाही. इथे अभियंत्याचे ज्ञान, वायरमनचा अनुभव, शेतकऱ्याचा हिशेब आणि धरणग्रस्ताची आठवण एकमेकांशेजारी ठेवली आहेत आणि त्यांच्यातले मतभेद तसेच राहू दिले आहेत. विजेच्या कायद्याची किंवा तंत्राची ओळख नसलेल्या वाचकालाही ते वाचता यावे म्हणून परिभाषा बोलीतली आहे: डीपी, फेज, परमिट, झोळ. राज्यस्तरीय सरासरीमागे एखादे खोरे कसे दिसेनासे होते, हे दाखवणे हा त्याचा मुख्य प्रयत्न आहे. ग्राहकसेवेच्या मानकांत ग्रामीण भागासाठी दुरुस्तीची मुदत शहरापेक्षा मोठी धरली आहे. अंतर आणि चढ पाहता त्यात काही अंशी वास्तव आहे. पण ती मुदत तरी पाळली गेली का, हे गावाला कळायला हवे.

या पुस्तकातून वाचकाने एक मागणी उचलावी, अशी माझी इच्छा आहे. प्रत्येक वाहिनीवर महिन्यात किती वेळा वीज गेली, किती तास गेली आणि का गेली, हे त्या वाहिनीवरच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावे. उपकेंद्रात ही नोंद आधीपासूनच होते. ती फक्त ग्राहकांसमोर आणायची आहे. त्यातून कोणत्या वाहिनीला दुसरी बाजू हवी, कुठे खांब बदलायचे, कुठे वायरमनची जागा भरायची, हे गाव आणि कंपनी मिळून ठरवू शकतील. शिवाय दरवाढीच्या सुनावणीत हिरडस मावळातला माणूस स्वतःचे आकडे घेऊन उभा राहू शकेल. सरकारी कंपनी आपली आहे असे म्हणण्याचा अधिकार तिचा हिशेब तपासल्याने येतो, आणि तो तपासायला या दोन तालुक्यांपासून सुरुवात करता येईल.